साडूची फियाट

मत्सर हा मिरजगावच्या गहिनीनाथ खेतमाळसाचा जुना सोबती. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं की याच्या पोटात दुखायचं. चुलत्याच्या पोराला नोकरी लागली, तर याला दोन दिवस भाकरी गोड लागायची नाही. एकदा तर त्याचा दुसऱ्याच्या म्हशीवर जळफळाट झाला होता, आणि ती आटल्यावरच त्याला बरं वाटलं होतं. पण ही सगळी किरकोळ दुखणी, आली तशी जायची. तीन वर्षांपूर्वी जडलेलं दुखणं मात्र जायचं नाव घेत नव्हतं. त्याचं कारण होतं बदामी रंगाची एक जुनी फियाट. ती एके काळी सासऱ्याची होती, आणि आता धाकट्या साडूच्या दारात उभी असायची.

माणूस तसा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पन्नाशीला आलेला, स्वतःचा टेम्पो, थोडी जमीन, बांधाला लिंबाची झाडं. हायवेवर कोणाची गाडी बंद पडलेली दिसली की पाना घेऊन उतरल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती. तो चुलतीच्या हाताखाली वाढला, आणि त्या घरात ताट त्याच्यापुढे सगळ्यात शेवटी यायचं. दुसऱ्याच्या ताटात काय पडलं ते बघायची सवय त्याला तिथेच लागली. पुढे लग्न होऊन तो राजूरला सासरी गेला, आणि सासूने, छबूबाईंनी, पहिल्या पंगतीला सगळ्यांच्या आधी त्याच्या ताटात वाढलं. एरवी जावई सासूला मामी म्हणतात. गहिनीनाथ त्या दिवसापासून छबूबाईंना आई म्हणायला लागला.

सासऱ्यांना सगळं राजूर अण्णा म्हणायचं. त्यांची भाताची गिरणी होती. मुलगा नव्हता, दोन मुली. थोरली लंका गहिनीनाथाला दिलेली, धाकटी मोनिका तेव्हा शाळेतही जात नव्हती. अण्णांनी भर उमेदीत हौसेने फियाट घेतली, पण चालवायला शिकायचं त्यांच्याने झालं नाही. गाडी दारात, किल्ली खिळ्यावर, आणि चालवणारा कोण? थोरला जावई. संगमनेरचा दवाखाना असो, नाशिकचं लग्न असो, नाही तर देवीचं दर्शन असो, अण्णांचा निरोप यायचा आणि गहिनीनाथ मिरजगावहून अर्धा जिल्हा ओलांडून हजर व्हायचा. लंका चिडायची. "सोताच्या मळ्यात पानी धरायला येळ न्हाई, अन् माझ्या बापाची डायवरकी करायला हाय." तो हसून टाकायचा. त्याला त्या घरात कामाचा माणूस व्हायचं होतं, आणि तो झाला होता.

फियाट जुनी. खालचा सगळा सांगाडा ढिला पडलेला, रबरं कडक होऊन चिरलेली. सरळ रस्त्यावर ती ठीक चालायची, पण वळण आलं की अशी कलायची की आतल्या माणसांची एकमेकांच्या मांडीवर बदली व्हायची. गहिनीनाथाला त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. "फियाट हाय, डुलनारच," तो म्हणायचा. "हत्ती डुलतो का न्हाई?"

आणि त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर, नेहमी छबूबाई असायच्या. काच पूर्ण खाली, पदर नाकाला, मुठीत लिंबू, नजर समोर रस्त्यावर. बोलायच्या नाहीत. गाडीत बसायचं असलं की त्या दिवशी त्यांचा हटकून उपास असायचा, मग देवाला जायचं असो की वऱ्हाडात. गहिनीनाथ गावाकडे कौतुकाने सांगायचा, "आमची आई लई धार्मिक. परवासाला निघाली का पान्याचा घोट बी घेत न्हाई." लिंबाचा वासही त्यांना फार आवडतो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. राजूरला जाताना तो स्वतःच्या झाडाची निवडक, पिवळी, पातळ सालीची लिंबं पिशवीभर घेऊन जायचा. दुसऱ्या कोणी मिठाई नेली, फळं नेली, तरी आईच्या मुठीत लिंबू आपलंच असतं, हे त्याला पुरे होतं.

अशी वर्षं गेली. मग मोनिकाचं लग्न झालं आणि घरात दुसरा जावई आला.

हनुमंत कोल्हारचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. हसरा, कामसू, दारू-तंबाखू नाही, गहिनीनाथाला "दाजी, दाजी" म्हणून मान देणारा. त्याला नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि गहिनीनाथाला सगळ्यात जास्त त्रास होता तो याचाच.

तीन वर्षांपूर्वी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालून वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. जेवणं झाल्यावर अण्णा सुपारी कातरत म्हणाले, "आता माझ्याच्यानं ह्या गाडीचं व्हत न्हाई. दारात गंजून चाललीय. गहिनीनाथराव, तुमी न्हेता का?"

गहिनीनाथ सावरून बसला. या प्रश्नाची तो कित्येक वर्षं वाट बघत होता. पण जावयाने पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं, एवढं वळण त्याला होतं. धोंडा वाढायला आले की ताटावर आडवा हात धरायचा, पुन्हा आग्रह झाला की बोटं जरा फाकवायची, तिसऱ्यांदा हात काढून घ्यायचा. गाडीलाही तोच नियम लावून तो म्हणाला, "मला कशाला, अण्णा? माझा टेम्पो हाय की. न्हेऊ द्या कुनाला बी."

आणि आग्रहाची वाट बघत बसला. अण्णा सरळ माणूस. नको म्हणजे त्यांच्या लेखी नको. त्यांनी मान वळवली. "मंग हनुमंतराव, तुमी?"

"व्हय, न्हेतो की!" हनुमंताने पडत्या फळाची आज्ञा मानली, आणि पान रंगायच्या आत चार माणसं लावून, धक्का मारून गाडी चालूसुद्धा केली. गहिनीनाथ ओट्यावर उभा राहून बघत होता. त्याचा हात अजून ताटावर आडवाच होता, आणि वाढपी पुढे निघून गेला होता.

यंदाचा धोंडा ज्येष्ठात आला. उन्हाचा कहर, राजूरच्या डोंगरावर गवताची काडी हिरवी नाही. गहिनीनाथ लंकाला आणि पोरांना टेम्पोत घालून पोचला, तेव्हा दारात फियाट आधीच उभी होती. रंग नवा, चकचकीत. शेजारपाजारची माणसं भोवती जमलेली, आणि मध्ये हनुमंत उकिडवा बसून गाडीखाली बोट दाखवत होता.

"या दाजी, तुमीच बघा! तुमाला कळल," तो उठून म्हणाला. "खालचा बार बदलला मी. दोन्ही चाकांना जोडनारी सळई असती बघा, आडवी. पयली पार बारीक हुती, रबरं बी गेलेली. आता जाड घातलीय. पोलादाची सळई आनली, तापवून वाकवली, पानी दिलं. पुढं बी अन् मागं बी. मागची जरा बारीक ठेवली, न्हाई तर वळनावर मागचा भाग घसरतो."

"त्यानं काय व्हतं?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"वळनावर गाडी एका अंगाला दबाया लागली, का हा बार पिळ खातो अन् तिला वर रेटतो. गाडी सपाट राहती. नट मातर गाडी चाकावर उभी असतानाच आवळायचे. जॅकवर आवळले, का रबर पिळलेलं राहतं अन् सगळी मेहनत पान्यात."

गहिनीनाथाने हो-हो केलं. मनात म्हणाला, लोखंड घातलंय नुसतं, मोठा आला शहाणा.

पण हनुमंताने सगळ्यांना बाजारपेठेपर्यंत एक चक्कर मारून आणली. गहिनीनाथही बसला, मागे, मधल्या जागेवर. बाजाराच्या कोपऱ्यावर, जिथे त्याच्या हातात असताना ही गाडी दरवेळी जमिनीला कान लावायची, तिथे ती सरळ अंगाने वळली. मांडीवर ठेवलेली त्याची टोपीसुद्धा हलली नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ही गाडी त्याची होती. म्हणजे नव्हती, पण होती. तिने इतकी वर्षं त्याच्याशी डुलत संसार केला, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन ती शहाण्यासारखी वागायला लागली होती.

परत आल्यावर अण्णा म्हणाले, "इतकी वर्सं गाडी दारात हुती. पर गाडीत बसल्यागत आता वाटतंय." त्यांनी ते सहज म्हटलं. गहिनीनाथाच्या ते बरोबर वर्मी बसलं.

दुपारी पाय धुण्याचा कार्यक्रम झाला. छबूबाईंनी परातीत आधी थोरल्याचे पाय घेतले, मग धाकट्याचे. आधी आपले घेतले, हे गहिनीनाथाने मनात नोंदवून ठेवलं. धाकट्याचे जरा जास्त वेळ पुसले, हेही. दोघांना सारखाच पोशाख मिळाला, पांढरा सदरा, पायजमा, टोपी, टॉवेल. जेवायला तुपात भिजलेले धोंडे होते. तोंड पुसून तो टेम्पोकडे गेला आणि लिंबाची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, लिंबं आनलीत. उद्या अगस्तीला जायचंय ना? गाडीत लागत्यात तुमाला."

उद्या सगळ्यांनी अकोल्याला प्रवरेवर जाऊन अगस्ती ऋषींचं दर्शन घ्यायचं ठरलं होतं. छबूबाईंनी परातीतून डोकं वर काढलं आणि हसल्या. "आता गाडीत लिंबू न्हाई लागत मला, बापू. कोल्हारला जाऊन आले मागल्या महिन्यात, लागलंच न्हाई. राहू द्या टेम्पोतच, घरी सरबताला व्हतील तुमाला."

आता यात रागवण्यासारखं काय होतं? पण गहिनीनाथ पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. गाडी गेली तेव्हा त्याने सोसलं होतं. अण्णांचं कौतुक गेलं, तेही सोसलं. आता लिंबूही गेलं. या घरात त्याच्या हातचं म्हणून जे उरलं होतं ते एवढंच होतं, आणि तेही त्या हसऱ्या साडूने एक लोखंडी सळई घालून काढून घेतलं होतं.

धोंड्याच्या जेवणानंतर घर कसं निजतं ते सांगायला नको. अण्णा ओसरीवर घोरत होते, हनुमंत माजघरात आडवा झाला होता, बायका भांडी घासून पंख्याखाली पडल्या होत्या. गहिनीनाथ जुने कपडे चढवून अंगणात आला. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, असं म्हणतात. हा तर पोतं अंथरून आडवाच झाला. गाडीखाली शिरला.

मोडायचं काही नव्हतं. तसलं पाप त्याच्या मनातही नव्हतं. पुढच्या बारचं एक टोक चाकाच्या दांडीला जोडणारा वीतभर लांबीचा तुकडा होता, लिंक म्हणतात त्याला. तेवढा काढला की बार नुसता लोंबकळणार, आणि गाडी होती तशी डुलणार. चाकं फिरतील, ब्रेक लागतील, धोका काही नाही. उद्या हनुमंत गाडी चालवेल. वाटेतल्या विठा घाटात वळणं आहेत. गाडी डुलेल, हनुमंताचं तोंड पडेल, आणि आईंना लिंबू लागेल. आणि लिंबू कोणाकडे असेल? मनातल्या मनात मांडे खात त्याने पाना फिरवला, लिंक काढली, बारचं सुटं टोक वाजू नये म्हणून तारेने वर बांधलं. लिंक रुमालात गुंडाळून खिशात घातली. बाहेर येऊन हात धुतले आणि अण्णांच्या शेजारी जाऊन असा झोपला की चहाला उठवावं लागलं.

सकाळी निघायची गडबड सुरू झाली. छबूबाई चुलीपाशी बसून रात्रीचा धोंडा दुधात कुस्करून खात होत्या. गहिनीनाथ बघतच राहिला. "आई, आज उपास न्हाई?"

"न्हाई आज," त्या म्हणाल्या. "खाऊन घेते पोटभर."

नवा सदरा घालताना त्याने रुमाल जुन्या खिशातून नव्या खिशात टाकला, घरात कोणाच्या हाती लागायला नको म्हणून. बाहेर आला तर हनुमंत समोर, तळहातावर फियाटची किल्ली घेऊन.

"दाजी, आज तुमी चालवा. ही गाडी तुमच्या हातची. मी तुमचा टेम्पो घेतो, पोरांना अन् भांड्याकुंड्यांना घेऊन म्होरं व्हतो."

गहिनीनाथ दोन पावलं मागे सरकला. "नको नको," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे नको त्याच्या बेंबीच्या देठापासून आलं होतं. "तुमची गाडी, तुमीच चालवा."

पण तीन वर्षांपूर्वी ज्या आग्रहासाठी त्याचे कान आसुसले होते, तो आज पुरासारखा आला. हनुमंत म्हणाला, असं कसं दाजी. मोनिका म्हणाली, चालवा की भावजी. अण्णा म्हणाले, "गेल्या बारीला तुमी न्हाई म्हनला अन् मी मानलं, तवा लंका मला लई बोलली. आता न्हाई मानायचो." शेवटी छबूबाई स्वतः पुढचं दार उघडून सीटवर बसल्या. "चला बापू. लई दिस झाले तुमच्या शेजारी बसून."

हनुमंत टेम्पो घेऊन पुढे गेलासुद्धा. लिंबाची पिशवी त्याच टेम्पोत होती.

सरळ रस्ता होता तोवर काही झालं नाही. मागे अण्णा आणि दोघी बहिणी गप्पा मारत होते. छबूबाईंची काच बंद, हात मांडीवर, मूठ रिकामी. गहिनीनाथ बैलगाडीच्या चालीने चालवत होता. पण घाट म्हणजे घाट. पहिल्या वळणाला गाडी कलली. दुसऱ्याला जास्त कलली. पुढचा बार निकामी आणि वर हनुमंताने बसवलेल्या नव्या मऊ गाद्या, त्यामुळे ती पूर्वीपेक्षाही वाईट हेलकावे खायला लागली. मागे लंका मोनिकाच्या अंगावर पडली आणि हसली. "ह्यांच्या हातात आली का गाडी वळखती बघ."

छबूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर नाकाला लावला, काच खाली करायला लागल्या, आणि पुढच्या वळणावर त्यांनी गहिनीनाथाचा दंड घट्ट धरला. त्याने गाडी कडेला घेईपर्यंत उशीर झाला होता. दूध आणि धोंडा, सगळं त्यांच्या लुगड्यावर आणि थोडं त्याच्या नव्या सदऱ्यावर आलं.

लंका पाण्याची बाटली घेऊन धावली. तोंड धुऊन झाल्यावर छबूबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. थोड्या अंतरावर झाडाखाली बाया करवंदं विकायला बसल्या होत्या. तोंडाला चव येईल म्हणून मुली तिकडे गेल्या, अण्णाही सावलीला गेले. गहिनीनाथ सासूपुढे चुकल्या पोरासारखा उभा राहिला.

"तुमचा दोष न्हाई बापू," त्या धाप टाकत म्हणाल्या. "मला वाटलं, ते गेलं आता. म्हनून खाऊन निघाले. पर तुमच्या हातात गाडी आली का मला व्हतंच. पयल्यापासून."

"पयल्यापासून?"

"तुमचं लगीन झालं तवापासून. म्हनून तर लिंबू. म्हनून तर उपास." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "जावयाच्या शेजारी बसून मळमळतंय, हे सांगायचं कसं? तुमी एवढ्या लांबून यायचा, एवढ्या मायेनं न्हेयाचा. मंग गप बसायचे, रस्ता संपायची वाट बघत."

गहिनीनाथ ऐकत होता. त्याच्या डोळ्यांपुढून सगळे प्रवास गेले, संगमनेरचे, नाशिकचे, देवीचे. दरवेळी शेजारी आई उपाशी, मुठीत लिंबू, नजर रस्त्यावर. आणि तो गाडी डुलवत, शीळ घालत, आपण केवढी सेवा करतोय या आनंदात. इतकी वर्षं ज्या गोष्टीची तो राखण करत होता, ती तिच्या पोटातली मळमळ होती. आणि तिच्यावर ज्याने इलाज केला, त्याचा इलाज त्याने काल पाना लावून काढला होता. तो रुमालात होता, खिशात. मत्सराने तो आजवर पुष्कळदा पोळला होता. लाजेने पहिल्यांदाच पोळला.

त्याने डिकीतून हनुमंताची पान्याची पिशवी काढली आणि टॉवेल अंथरून, धोंड्याच्या पांढऱ्या पोशाखासकट गाडीखाली शिरला. तार सोडली. मग हात बाहेर काढून सदऱ्याचा खिसा चाचपला, रुमाल ओढला, गाठ सोडली. लिंक हातात आली तेव्हा त्याला जाणवलं की दगडावर बसलेल्या छबूबाईंना तिथून सगळं सरळ दिसतंय. रुमाल, खिसा आणि खिशातून निघालेलं लोखंड.

आता लपवून काय उपयोग? त्याने लिंक बसवली, रबरं नीट सरकवली. गाडी चाकावर उभी होती, म्हणजे नट आवळायला हरकत नव्हती; हनुमंताचंच वाक्य, तेही आता उपयोगी पडलं. बाहेर आला तेव्हा सदरा छातीपासून पोटापर्यंत काळा झाला होता आणि मान वर करायची त्याची हिंमत नव्हती.

छबूबाईंनी हात पुढे केला. "त्यो रुमाल द्या हिकडं."

त्याने दिला. त्यांनी तो घडी करून आपल्या पिशवीत तळाला घातला.

"आई, मी..."

"मळमळ इतकी वर्सं न्हाई बोलले," त्या म्हणाल्या. "ह्ये बी न्हाई बोलनार. उठा, त्या आल्या."

मुली करवंदांचे द्रोण घेऊन आल्या. नवऱ्याचा अवतार बघून लंका ओरडली, "अवो, आजच नवा सदरा!" छबूबाईच म्हणाल्या, "गाडीचं कायतरी निसटलं हुतं. बापूंनी बसवलं." त्यानंतर उरलेला घाट गाडी सपाट उतरली. एका वळणानंतर त्याने शेजारी बघितलं, तर छबूबाई झोपल्या होत्या, मान मागे टेकून, तोंड जरा उघडं. त्यांना गाडीत झोपलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

अकोल्यात नदीच्या काठी हनुमंत वाट बघत होता. हकीकत ऐकून त्याचा चेहरा उतरला. "माझीच चूक, दाजी. नट नीट आवळला नसनार मी. तुमी हुता म्हनून बरं, दुसरा कुनी असता तर कळलंबी नसतं." तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, आमच्या दाजींनी नव्या कपड्यांत गाडीखाली शिरून काम केलं. अण्णांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. या घरातल्या अशा कौतुकासाठी गहिनीनाथ तीन वर्षं झुरला होता. आता ते ताट भरभरून वाढलं जात होतं, आणि त्याला एक घास गिळवत नव्हता.

दर्शन झालं, जेवणं झाली. परत निघताना हनुमंताने पुन्हा किल्ली पुढे केली. "जाताना बी तुमीच चालवा, दाजी."

"नको," गहिनीनाथ म्हणाला.

झालं, पुन्हा आग्रह सुरू. मोनिका, अण्णा, लंका, सगळे. तो नको म्हणत राहिला, आणि प्रत्येक नकोला दुप्पट आग्रह. त्याचे डोळे भरून आले, तरी कोणाला खरं वाटेना. शेवटी छबूबाई पुढे आल्या.

"त्यांना न्हाई म्हनायचंय," त्या म्हणाल्या. "ऐका की त्यांचं. हनुमंतराव, तुमची गाडी तुमी घ्या." मग त्या फियाटवरून पुढे गेल्या, टेम्पोच्या केबिनपाशी थांबल्या, आणि चढायला हात मागत गहिनीनाथाकडे वळल्या. "मी ह्यांच्या संगं येते. बापू, ती लिंबं हायेत ना अजून? एक द्या."

त्याने पिशवीतलं सगळ्यात पिवळं लिंबू शोधून, सदऱ्याच्या एकाच स्वच्छ कोपऱ्याला पुसून त्यांच्या मुठीत दिलं. घाट लागला तेव्हा पहिल्या वळणावर त्याने टेम्पो इतका हळू घेतला की मागून फियाटने हॉर्न वाजवला.